फाट्यावर न थांबलेली गाडी

दत्तरावकाकांची ती गोष्ट माहीत नाही असा माणूस आमच्या कॉलनीत शोधूनही सापडायचा नाही. गणपतीत, झेंडावंदनाला, कुणाच्या तरी निरोपसमारंभात ती निघायचीच. काका एसटीत ड्रायव्हर होते. सोनपेठच्या पलीकडच्या एका गावची मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. एकदा सकाळी ती गाडी घेऊन ते परभणीकडे निघाले. सोनपेठ मागे पडलं, तर पुढच्या फाट्यावर त्यांची स्वतःची बायको, आमच्या मनकर्णामावशी, हात करून उभी! गाडीत जागा होती, पण त्या फाट्यावर त्या गाडीला थांबा नव्हता. काकांनी हॉर्न दिला आणि गाडी तशीच पुढे काढली. "सख्ख्या बायकोसाठीसुद्धा नियम मोडला नाही!" असं म्हणून सांगणारा इथे थांबायचा आणि ऐकणारे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्यात. मी शाळेत शिकवते, नियम पाळणाऱ्या माणसाचं कौतुक करणं हा आमच्या नोकरीचाच भाग आहे.

मी धम्मशीला. काकांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी कशाची पडली हे मला कळतं आणि मी पोरांवर कशावरून खेकसले हे त्यांना कळतं. मी तापट आहे असं लोक म्हणतात. परभणीच्या उन्हात राहून, वर सातवीच्या वर्गाला गणित शिकवून जो थंड राहील त्याला माझा नमस्कार.

काकांनी रिटायर व्हायच्या आधी इथे प्लॉट घेतला तेव्हा त्यांची एकच अट होती, रस्त्यापासून जेवढं आत तेवढं बरं. आमची कॉलनी गंगाखेड रोडला, शहर संपता संपता लागते. काकांचं घर तिच्या अगदी शेवटच्या गल्लीत. राहायला आल्या आल्या त्यांनी दारावरची बेल काढून टाकली. कुणी आलं तर कडी वाजवायची. कुकरची शिट्टीही त्यांना खपायची नाही, म्हणून मावशी डाळ पातेल्यात शिजवायच्या आणि गॅस किती जळतो ते मला ऐकवायच्या. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला शांतता हवी, यात चूक काही नाही. काकांनी आणखी एक पण केला होता. ज्या दिवशी रिटायर झाले त्या दिवशी हार गळ्यात असतानाच ते म्हणाले, "बास झालं. आता ह्या जन्मात एसटीत पाय ठेवणार न्हाई."

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी निघून गावात जायचं, रात्री गाडीसह तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत यायचं. ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची पाळी गावातली घरं आपसात वाटून घ्यायची. आज या घरची भाकरी, उद्या त्या घरची. पोळ्याला पुरणपोळी, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, भज्जी आणि आंबील. त्या गावाने काकांना जावयासारखं जेवू घातलं. इकडे भाड्याच्या खोलीत मावशी आणि त्यांची मुलगी शिवकन्या, दोघीच. "लोकाच्या चुलीवरचं खाऊन खाऊन माझ्या हातची चवच इसरलेत," असं मावशी अजूनही चिडवतात. काका हसतात आणि अजून अर्धी भाकरी मागून घेतात. झोपतात मात्र ते अजून मुक्कामाला असल्यासारखे व्हरांड्यातच, अरुंद बाजेवर, उशाला पिशवी घेऊन. घरात आतल्या खोलीत चांगला पलंग आहे.

अशा या शांत गल्लीत मागच्या उन्हाळ्यात बातमी आली, की कॉलनीसमोरच्या मोकळ्या मैदानावर नवं बसस्थानक करायचा विचार चालला आहे. मैदान म्हणजे काय, वेड्या बाभळी आणि त्यात चरणारी डुकरं. पण वरच्या ऑफिसातून विचारणा झाली, की रहिवाशांचं म्हणणं काय ते ठराव करून कळवा. झालं! ज्या कॉलनीत नळाचं पाणी आठ-आठ दिवस येत नाही तरी कुणी तोंड उघडत नाही, तिथे घराघरात वकील तयार झाले. योगीराज नावाचा गृहस्थ स्टँड हवं म्हणणाऱ्यांचा पुढारी. त्याचं हार्डवेअरचं दुकान आणि रस्त्याकडेचे दोन रिकामे प्लॉट होते, त्यामुळे त्याला जनतेची सोय फार दिसायला लागली. नको म्हणणाऱ्यांचे पुढारी किशनराव, कोर्टातून रिटायर झालेले कारकून. धूळ, हॉर्न, चोऱ्या, पानाच्या पिचकाऱ्या अशी त्यांची कलमवार मांडणी तयार होती. मी किशनरावांच्या बाजूची. शाळेत दिवसभर गोंगाट, घरी तरी नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्याच दिवसांत मावशी आणि मी गच्चीवर वाळवण घालत होतो. कुरडया अर्ध्या झाल्या असतील, तेवढ्यात मावशींनी विचारलं, "म्याडम, तुमी कामून नको म्हणायल्या ष्टँड?"

मी माझी कारणं सांगितली. त्यांनी मान डोलावली. "व्हय, ते बी खरंच हाय." मग सोऱ्या फिरवत म्हणाल्या, "मला मातुर लय पायजे बगा."

मी चमकले. घर काकांचं, मत काकांचं, असंच मी धरून चालले होते.

"सरजाआक्काचे डोळे चाललेत," मावशी म्हणाल्या. सरजाबाई ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच मावशींना वाढवलं. सोनपेठच्या अलीकडे, त्याच फाट्यावरच्या गावात ती राहते. "मोतीबिंदू न्हाई, दुसरंच काई हाय. आपरेशनचा फायदा न्हाई म्हणले डागदर. अंधुक दिसायलंय अजून. फोन केला की एकच म्हणती, मनकर्णे, थोडं दिसायलंय तवर तुझं तोंड दाखवून जा."

"मग जा की मावशी!"

"कशी जाऊ?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. जुनं स्टँड शहराच्या दुसऱ्या टोकाला. इथून एक रिक्षा, मधे उतरून दुसरी, मग त्या गर्दीत गाडीची वाट बघत उभं राहायचं. "सोनपेठची गाडी आपल्या म्होरून जाती, पर इथं थांबा न्हाई. ह्यांना चला म्हणावं, तर ह्यांचा पण. एकटी जाते म्हणलं, तर म्हणतेत पडशील. मोटार करू म्हणलं, तर दिवाळीला शिवकन्या यील तवा जाऊ म्हणतेत. दिवाळीपतोर आक्काला दिसंल का, ते कोण सांगणार? दारात ष्टँड झालं की मी माझी माझी जाईन."

ड्रायव्हरची बायको, आणि माहेरी जायला एसटी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "काकांना हे सांगितलंत का?" मी विचारलं. "सांगितलं की. म्हणले, बघू." बघू हा शब्द नवऱ्यांनी कुठून शोधून काढला असेल देव जाणे.

पहिली सभा योगीराजने समाजमंदिरात भरवली. सतरंज्या, माईक, चहा, सगळा थाट. एसटीचा माणूस म्हणजे स्टँडच्या बाजूचाच असणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं आणि काकांना एका शब्दाने न विचारता त्यांचा सत्कार ठेवला. आमच्याकडे माणसाला पटवायचं असेल तर आधी शाल घालतात. माईकवर फाट्याची गोष्ट झाली, टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला. "आता स्थानक कृती समितीचे अध्यक्ष म्हणून दत्तरावजी दोन शब्द बोलतील," असं म्हणून योगीराज बाजूला झाला.

काका उठले. खांद्यावर शाल, हातात नारळ. "शाल घातली, नारळ दिला, लय उपकार झाले," ते म्हणाले. "पर एक इचारायचं राह्यलं तुमचं. मला ष्टँड पायजे का न्हाई, ते. मला नको. मला झोप पायजे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सभा अशी हसली की खिडकीतल्या चिमण्या उडाल्या. योगीराजचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, कारण घातलेली शाल परत मागता येत नाही. किशनराव त्या वयात टुणकन उठले आणि त्यांनी तिथल्या तिथे काकांना आपल्या बाजूचं अध्यक्ष करून टाकलं. मीही पोट धरून हसले. हसता हसता शेजारी बघितलं, तर मावशी हसत नव्हत्या. मांडीवरच्या पदराची घडी त्या घालत होत्या आणि मोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी आली. मी भाजी चिरत होते, सुरी हातातच राहिली. पाठोपाठ दुसरी शिट्टी. मग काकांचा आवाज, "कुकर कामून लावलास?" मावशी म्हणाल्या, "पातेल्यात डाळ शिजंना झालीय." त्या दिवसापासून रोज शिट्टी. तुरीची डाळ शिजली, हरभरे शिजले, बटाटे शिजले. मला तर वाटतं एकदोनदा त्यांनी नुसतं पाणी ठेवलं असणार. काका व्हरांड्यातून उठून बाभळींकडे फिरायला जायचे आणि शिट्ट्या संपल्यावर परत यायचे. पुन्हा मात्र त्यांनी कारण विचारलं नाही.

ठरावाची सभा रविवारी होती, सकाळीच, उन्हं तापायच्या आत. हात वर करून मत द्यायचं होतं. या वेळी माईक किशनरावांकडे. त्यांनी धूळ मांडली, चोऱ्या मांडल्या आणि हॉर्नवर तर ते इतका वेळ बोलले की त्यापेक्षा हॉर्न परवडला असता. मग म्हणाले, "आता आपले अध्यक्ष. त्यांची ओळख करून द्यायची गरजच नाही." आणि लगेच ओळख करून द्यायला लागले. तोच फाटा, तीच बायको, तोच नियम. गेल्या सभेत स्टँड हवं म्हणणाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट या सभेत नको म्हणणाऱ्यांनी सांगितली, आणि टाळ्या तेवढ्याच पडल्या.

टाळ्या चालू असतानाच माझ्या खांद्यावर भार आला. मावशी माझा आधार घेऊन उठत होत्या. बायकांच्या बाजूने आजवर कुणी सभेत बोललं नव्हतं, त्यामुळे त्या पाणी प्यायला उठल्या असंच सगळ्यांना वाटलं.

"ती गोष्ट समदेच लय चांगली सांगतेत," मावशी उभ्यानेच म्हणाल्या. माईक नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी कितीक साल ऐकायले. पर त्या दिशी मी घरी कशी आले, ते आजवर कुणी इचारलं न्हाई."

मागे बसलेले लोक पुढे सरकले.

"ह्यांनी बी न्हाई," त्या म्हणाल्या.

काका माईकपाशी उभे होते. ते मावशींकडे बघत राहिले.

"पंचमीला आक्काकडं गेले होते. आमची शिवकन्या कडंवर, डोक्यावर आक्कानं दिलेलं शेंगाचं गठुडं. गाडी गेली. मंग मी उलटी चालत सोनपेठला गेले, थांब्यावर. ऊन लय होतं. पोरगी रडायली म्हणून दोन जागी बाभळीखाली बसले. दुपारची गाडी घावली. घरी आले, तर हे संध्याकाळची मुक्कामी घेऊन गेलेले." त्यांच्या आवाजात रडणं अजिबात नव्हतं. बाजारहाट सांगावा तसं त्या सांगत होत्या. "मी काई गाऱ्हाणं घालायला उठले न्हाई. थांबा नव्हता, हे थांबले न्हाईत. बराबर केलं. म्हणूनच म्हणायले, आता थांबा करा. नियमात बसंल असा करा. आक्काला दिसायलंय तवर मला जायचंय. धूळ काय, मी रोज पुसते. आवाज बी मी ऐकीन."

एवढं बोलून त्या माझा खांदा धरून खाली बसल्या. मला माझी लाज वाटली. एका भिंतीपलीकडे राहून मी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली, पोरांनासुद्धा शाळेत सांगितली, आणि फाट्यावरच्या बाईचं पुढे काय झालं हा साधा प्रश्न मला पडला नाही.

योगीराजला संधी कळते. तो म्हणाला, "ज्यांना स्थानक मंजूर, त्यांनी हात वर करा."

सगळ्यात आधी मावशींचा हात वर गेला. हातात हिरव्या बांगड्या, कोपर किंचित वाकलेलं. मग माझा गेला. किशनरावांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोर्टात साक्ष फिरवली. बायकांचे हात एकामागून एक वर जायला लागले. प्रत्येकीला कुठे ना कुठे जायचं होतं. काका मात्र मावशींच्या त्या एका हाताकडेच बघत होते. किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही, पण योगीराज मोजायचा थांबला एवढं खरं. मग त्यांनी आपला हात वर केला. अध्यक्षच फुटल्यावर किशनरावांच्या बाजूला काही राहिलं नाही. तरी त्यांचा मान म्हणून ठरावात त्यांच्या अटी घातल्या, की भोवताली भिंत हवी, झाडं हवीत, आणि विनाकारण हॉर्न वाजवायचा नाही. त्या अटी चांगल्याच होत्या, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांचा राग काही गेला नाही.

घरी आल्यावर भिंतीपलीकडून भाकऱ्या थापल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "सोनपेठपतोर चालत गेलीस?"

"मंग काय उडत जाऊ?"

त्या दिवशी कुकर लागला नाही.

ठराव वर गेला. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही कितीही छाती फुगवून म्हटलं, तरी कागद आमच्याकडे आपल्या पायानेच चालतो. मैदानात अजून बाभळीच आहेत. पण डोळे ठरावासाठी थांबत नाहीत हे काकांना कळलं असावं. दोनचार दिवसांत सकाळी कडी वाजली. दारात काका, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर योगीराजची शाल, हातात उशाची ती पिशवी. मागे मावशी नवं लुगडं नेसून. "म्याडम, घराकडं ध्यान ठेवा," काका म्हणाले. "आमी सोनपेठला जायलोत. एसटीनं." शेवटचा शब्द त्यांनी जरा खालच्या आवाजात उच्चारला. दोन रिक्षा बदलून ते जुन्या स्टँडवर गेले. गाडीत काका खिडकीशी बसले आणि पोखर्णी येईपर्यंत उजवा पाय खाली दाबत होते, असं मावशी सांगतात. ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली असतो हे पचायला वेळ लागतो म्हणे.

पुढचं मला मावशींनी परत आल्यावर सांगितलं. उरलेल्या कुरडया डब्यात भरत होतो आम्ही.

फाट्यावर गाडीला अजूनही थांबा नाही. म्हणून दोघं पुढे सोनपेठला जाऊन उतरले. तिथे काकांनी मावशींना टमटममध्ये बसवलं, पिशवी त्यांच्या मांडीवर दिली आणि स्वतः खालीच उभे राहिले. "तू हो म्होरं. मी चालत येतो."

"ऊन बगा की," मावशी म्हणाल्या. "काई खूळबीळ लागलंय का?"

"तू हो म्होरं," काका परत म्हणाले आणि चालायला लागले.

मावशी आक्काकडे पोचल्या. सरजाबाई ओट्यावर बसून होत्या. मावशींचं तोंड त्यांनी दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, अगदी जवळ नेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "मनकर्णे, लय म्हातारी दिसायलीस गं." हे सांगताना मावशींना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. "म्हणलं, बरं झालं माय, दिसायलंय तुला अजून!"

दोघींचा चहा झाला, सगळ्या गावाची विचारपूस झाली, तरी काकांचा पत्ता नाही. मावशी उठून दारात गेल्या. तेव्हा कुठे ते वळणावर दिसले. डोक्याला योगीराजची शाल गुंडाळलेली, सदरा पाठीला चिकटलेला, पाय ओढत येत होते. ओट्यावर टेकले. तांब्याभर पाणी घटाघट प्याले. कपाळ पुसलं, आल्या रस्त्याकडे वळून बघितलं, आणि म्हणाले, "लय लांब हाय गं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणलं, मंग! अन् तुमच्या कडंवर तर पोरगी बी न्हाई." मग डबा बाजूला सरकवत म्हणाल्या, "अन् अजून एक तांब्या पाणी आणून दिलं."